चुनखडीच्या मुलखातील एक लहान नदी

ओढा जेथे आटला तेथेच त्याचे पाणी संपले, असे आपण सहज मानतो. चुनखडीच्या मुलखात हा समज टिकत नाही. इंग्लंडमधील यॉर्कशायर भागात मॅलम खेड्यापाशी उगम पावणारी एअर नदी हे याचे उत्तम उदाहरण होय.

खेड्याच्या उत्तरेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ३७७ मीटर उंचीवर मॅलम टार्न हे तळे आहे. सभोवार चुनखडी असूनही तळ्यात पाणी टिकते. कारण त्याच्या तळाशी पाणी न झिरपणारा पाटीचा खडक आहे. तळ्यातून निघालेला ओढा थोडा दक्षिणेस वाहतो आणि चुनखडी लागताच दगडगोट्यांत गडप होतो. पुढे कोरडी दरी लागते व तिच्या शेवटी सुमारे ८० मीटर उंचीचा कडा आहे. हिमयुगात जमीन गोठलेली असताना पाणी या दरीतूनच वाहत असे. डिसेंबर २०१५ मधील अतिवृष्टीतही कड्यावरून काही काळ धबधबा कोसळला होता.

या कड्याच्या पायथ्याशी एक झरा वाहतो. वर बुडालेला ओढा तो हाच, असे कोणीही म्हणेल! परंतु १८९९ साली बुडत्या पाण्यात मीठ, रंग इत्यादी द्रव्ये मिसळून शोध घेण्यात आला. तेव्हा तळ्याचे पाणी खेड्याच्याही दक्षिणेस, एअर हेड येथील झऱ्यांत प्रकट होते असे आढळले. कड्याखालील पाणी मात्र धातू गाळण्याच्या एका जुन्या भट्टीजवळ बुडणाऱ्या निराळ्याच ओढ्याचे निघाले. खेड्याखाली हे प्रवाह एकत्र येऊन एअर नदी बनते.

असे का व्हावे? पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून किंचित आम्ल बनते. असे पाणी चुनखडी विरघळविते. हजारो वर्षांत खडकातील बारीक चिरा रुंदावतात व त्यांच्या नळ्या होतात. वाळूच्या थरातून झिरपताना पाणी गाळले जाते. या नळ्यांतून ते जसेच्या तसे धावते. वर टाकलेली घाण दूरच्या झऱ्यात उतरू शकते, आणि ती नेमकी कोणत्या झऱ्यात उतरेल हे जमिनीचा उतार पाहून सांगता येत नाही.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व कोरपना या तालुक्यांत चुनखडीचा खडक आहे. तेथे एखादा ओढा भूमीत लुप्त होत असल्यास त्या जागी मेलेली जनावरे, उकिरडा किंवा कीटकनाशकांचे डबे टाकू देऊ नयेत. मोठ्या सरीनंतर झरा अथवा विहीर लगेच गढूळ होत असेल, तर वरचे पाणी न गाळता आत येत आहे, असे ग्रामसेवकांनी समजावे. अशा पाण्याचा नमुना तपासणीस पाठवावा आणि निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच पिण्यास सांगावे.