औषधातला फ्लोरीन : धातूशिवाय बसतो कसा?



परवा गट ऑफिसात एक सभासद दाणेदार फिप्रोनिलची पिशवी घेऊन आले. खोडकिडीसाठी आणलेले औषध. कृषी शाळेत शिकणाऱ्या मुलाने त्यांना सांगितले होते की यात फ्लोरीन आहे. त्यांनी सरळच विचारले, "साहेब, पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे पडतात, मग हे उसाला कसं चालतं? आणि यात पारा-बिरा तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहे.

पाण्यातले फ्लोराइड मिठासारखे विरघळलेले, सुटे असते. औषधातला फ्लोरीन कार्बनला जखडलेला असतो. कार्बनचे जे एकेरी बंध आहेत, त्यांत हा फार बळकट. म्हणून किडीच्या पोटात औषध लवकर मोडत नाही. फिप्रोनिलच्या रेणूत पारा किंवा दुसरा कुठलाही धातू नाही.

आता हा फ्लोरीन बसवतात कसा? कच्चा माल म्हणजे फ्लोरस्पार नावाचा दगड. आपल्या शेजारी गुजरातेत आंबाडुंगरला तो सापडतो. त्यावर सल्फ्युरिक आम्ल घातले की हायड्रोजन फ्लोराइड मिळते. शुद्ध फ्लोरीन वायू १८८६ साली फ्रान्सच्या मोआसाँ यांनी वेगळा केला, पण तो इतका तापट की सेंद्रिय पदार्थाला लागला तर भडकाच उडतो. १८९२ साली बेल्जियमच्या स्वार्ट्स यांनी अँटिमनी धातूचे फ्लोराइड वापरून क्लोरीनच्या जागी फ्लोरीन बसवला. रीत चांगली, पण अँटिमनी विषारी. माल धुऊन काढा, सांडपाणी सांभाळा, ही कटकट मागे लागली.

म्हणून असे धातू टाळणाऱ्या रीती निघाल्या. १९२७ साली जर्मनीत बाल्झ आणि शीमान यांनी अॅनिलीनपासून एक फ्लोरोबोरेट क्षार केला. तो तापवला की नायट्रोजन उडून जातो आणि त्या जागी फ्लोरीन बसतो. दुसरी रीत मोठ्या कारखान्यांची. टोल्युइनच्या शेंड्याला तीन क्लोरीन लावायचे आणि दाबाखाली हायड्रोजन फ्लोराइड द्यायचे. तिन्ही क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतात, तीन फ्लोरीन आत येतात. फिप्रोनिलमध्ये असे तीन-तीन फ्लोरीनचे दोन गट आहेत. तिसरी रीत प्रयोगशाळेतली. २०१३ साली अमेरिकेत सिलेक्टफ्लोर नावाची पूड, थोडा किटोन आणि साधा दिव्याचा उजेड एवढ्यावर हे काम करून दाखवले.

पण धातू नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कोणी काढू नये. हायड्रोजन फ्लोराइड कातडीतून थेट हाडापर्यंत पोचते. तो धोका कारखान्यातल्या कामगाराचा. आपला धोका वेगळा आहे. जो बंध किडीच्या पोटात मोडत नाही, तो जमिनीतही सहज मोडत नाही. उन्हाने फिप्रोनिलचा रेणू बदलतो, पण फ्लोरीनचे दोन्ही गट तसेच राहतात, आणि नवा पदार्थही विषारीच असतो. २०१७ साली युरोपात कोंबड्यांच्या खुराड्यात हे औषध वापरले गेले, ते अंड्यांत उतरले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. मधमाशीला आणि माशांनाही ते फार घातक आहे.

तेव्हा पिशवीवर लिहिलेले प्रमाण हीच मर्यादा. "जरा जास्त टाकू, म्हणजे कीड मरेल" हा हिशेब सोडा. हातमोजे घाला, दाणे मातीआड करा, रिकामी पिशवी ओढ्यात किंवा पाटात टाकू नका. लागणीआधी बेणे निवडून घ्या, म्हणजे औषधाची गरजच कमी पडेल. शंका असल्यास वापरण्याआधी गट ऑफिसात या, नंतर नको.

— ऊस विकास अधिकारी