सोलर पॅनलच्या कागदावर कुठं 'सेल्सिअस', कुठं 'केल्विन'. २७३ मिळवायचे की नाही?

जालना : सौर कृषी पंपासोबत पॅनलचा जो माहितीचा कागद मिळतो, तो बहुतेक जण पिशवीत घालून कपाटात ठेवून देतात. मे महिन्यात डोक्यावर ऊन रणरणतंय आणि पंप मात्र म्हणावा तसा ओढत नाही, तेव्हा कुठं तो कागद बाहेर निघतो.

त्यावर एक ओळ असते. तापमान वाढलं की पॅनलची वीज किती टक्क्यांनी घटते, त्याचा आकडा. उदाहरण म्हणून उणे ०.३५ टक्के धरू. गंमत त्याच्या पुढच्या शब्दात आहे. एका कंपनीच्या कागदावर 'प्रति अंश सेल्सिअस' छापलेलं असतं, दुसरीच्या कागदावर 'प्रति केल्विन', म्हणजे नुसतं इंग्रजी 'के' अक्षर. शेजारच्या दोन शेतांत दोन कंपन्यांची पॅनल असली की वाद ठरलेला. कुणाचं भारी?

दोन्ही सारखेच. ०.३५ टक्के प्रति केल्विन आणि ०.३५ टक्के प्रति अंश सेल्सिअस यात तसूभरही फरक नाही. 'केल्विनवालं पॅनल कमी तापतं' असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

पण शाळेत तर शिकवलं होतं की सेल्सिअसचं केल्विन करायचं तर २७३ मिळवायचे? बरोबर आहे, नेमके २७३.१५. पाणी गोठतं ते ० अंश सेल्सिअसला, म्हणजेच २७३.१५ केल्विनला. केल्विनची मोजणी सुरू होते ती ज्याच्या खाली थंडी जाऊच शकत नाही तिथून. ही कल्पना १८४८ मध्ये विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञानं मांडली. पुढं ते लॉर्ड केल्विन झाले, त्यांचंच नाव एककाला मिळालं. एका केल्विनचा टप्पा मात्र सेल्सिअसच्या एका अंशाएवढाच ठेवलेला आहे. सगळी मेख इथंच आहे.

विहिरीचं बघा. तुम्ही दोर सोडून पाणी मोजता ते कठड्यावरून, तुमचा भाऊ मोजतो जमिनीपासून. कठडा तीन फुटांचा. दिवाळीत तुमचं माप २३ फूट, भावाचं २०. पाडव्याला तुमचं ३८, भावाचं ३५. आकडे वेगळे, पण पाणी किती खाली गेलं? दोघांचं उत्तर १५ फूट. खाली गेलेल्या पाण्यात कुणी कठड्याचे तीन फूट मिळवत नाही. तसंच तापमान 'किती आहे' हे सांगताना २७३ मिळवायचे, 'किती वाढलं' हे सांगताना नाही.

आता पॅनलवर येऊ. कागदावरचे वॅट मोजलेले असतात ते पॅनलच्या आतले सेल २५ अंशांवर असताना. आपल्याकडं हवा ४२ अंशांवर गेली की तापलेल्या पॅनलचे सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातात. फरक ४० अंश, म्हणजे ४० केल्विन. पटत नसेल तर दोन्ही आकडे केल्विनमध्ये करून बघा : ३३८.१५ वजा २९८.१५, उरले ४०. चाळीस गुणिले ०.३५ म्हणजे १४ टक्के घट. ३,००० वॅटची पॅनल त्या वेळी कडक उन्हातही सुमारे २,५८० वॅटच देणार.

आणि ४० मध्ये २७३ मिळवले तर? ३१३ गुणिले ०.३५, म्हणजे जवळपास ११० टक्के घट! पॅनलनं वीज द्यायची सोडून उलटी घ्यायला लागावी, असा हिशोब निघतो. उत्तर असं अचाट आलं की समजायचं, कुठंतरी कठडा मोजला गेला.

हवामान खात्याच्या बातमीतही हेच आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० च्या पुढं आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतात. हे ४.५ अंश केल्विनमध्येही ४.५ च.

फॅरनहाइटचं मात्र तसं नाही. तिथं टप्पाच लहान आहे : सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८. लेकराचा ताप ३७ वरून ३९ वर गेला, म्हणजे २ अंश वाढला. फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर ती वाढ ३.६ दिसेल, ९८.६ वरून १०२.२. इथंही वाढीत ३२ मिळवायचे नाहीत, फक्त १.८ नं गुणायचं. (एलईडी बल्बच्या खोक्यावरचे ६,५०० केल्विन हे प्रकरण वेगळं. तो उजेडाचा रंग सांगतो, बल्ब तेवढा तापत नाही.)

तर उन्हाळ्यात पंप थोडा मंदावला म्हणून लगेच पॅनल खराब ठरवू नका. विहिरीचं पाणी खोल गेलं की मोटारीला तसाही जोर जास्त लागतो. घट फारच मोठी वाटली तर आधी धूळ, झाडाची सावली आणि ढिल्या वायरी बघा. काच धुवायची ती सकाळी पॅनल थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. एवढं करूनही फरक पडला नाही तर तक्रार नोंदवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे.