हात जोडलेला मारुती, हात उगारलेला मारुती

रायपूरच्या पंडरी भागात, कापड मार्केटच्या मागच्या बाजूला, आमच्या घराजवळ मारुतीचे एक लहानसे देऊळ आहे. सैनिकी शाळेत शिकणारा माझा थोरला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा एका शनिवारी आम्ही दोघे तेथे गेलो होतो. आदल्या दिवशी घरात एक प्रसंग घडला होता. धाकट्याने त्याच्या सामानाला हात लावला म्हणून याने त्याला ढकलले, त्याची बॅट आपटून मोडली आणि वर म्हणाला, "आता माझ्या अंगात ताकद आहे, माझ्या वाटेला जाऊ नकोस." धाकट्याचा ओठ फुटला. मी रागावलो नाही, पण रात्रभर अस्वस्थ होतो. मुलाला सैनिकी शाळेत घातले ते यासाठी नव्हे.

देवळात नमस्कार करून झाल्यावर तोच म्हणाला, "बाबा, या मारुतीने हात जोडलेत. नागपूरला आजोबांच्या तालमीत जो मारुती आहे, त्याने तर हात उगारलाय. मग खरा मारुती कोणता?"

प्रश्न चांगला होता. त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बसून मी त्याला जे सांगितले, तेच थोडे नीट मांडून इतर कॅडेट मित्रांसाठी आणि पालकांसाठी येथे देत आहे.

मारुतीच्या मूर्ती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक दासमारुती. तो रामासमोर हात जोडून, मान किंचित लववून उभा असतो आणि त्याची शेपटी जमिनीवर रुळलेली असते. दुसरा वीरमारुती, म्हणजेच प्रतापमारुती. त्याचा उजवा हात चपराक मारायला उचललेला, डावा हात कमरेवर, शेपटी डोक्यावरून वळलेली आणि पुष्कळदा पायाखाली पनवती किंवा राक्षस असतो. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात, १६४५ च्या सुमारास सुरुवात करून, आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत अकरा मारुती स्थापन केले. शहापूर, मसूर, चाफळ, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे, शिराळे, मनपाडळे आणि पारगाव ही ती गावे. गावे दहा आणि मारुती अकरा, कारण एकट्या चाफळला दोन आहेत. तेथे राममंदिरासमोर दासमारुती हात जोडून उभा आहे आणि मंदिराच्या मागे प्रतापमारुती आहे. एकाच देवाची दोन रूपे एकाच आवारात, मध्ये राम. "खरा कोणता" या प्रश्नाचे उत्तर चाफळच्या या मांडणीतच आहे. दोन्ही खरे. मात्र उगारलेला हात रामाच्या कामासाठी आहे, आणि काम संपले की तोच हात जोडला जातो.

आता या देवाची कथा पाहू. वाल्मीकिरामायणात ती फार बारकाईने सांगितली आहे.

अंजनीचा हा मुलगा, वायूचा पुत्र. मरुत् म्हणजे वारा, म्हणून मारुती. लहानपणी उगवता सूर्य त्याला फळ वाटला आणि त्याने आकाशात झेप घेतली. इंद्राने वज्र मारले, त्याची डावी हनुवटी मोडली. हनुवटीला संस्कृतात हनु म्हणतात, त्यावरून हनुमान. म्हणजे या वीराचे नाव एका जखमेवरून पडले आहे. पुढे देवांनी त्याला वर दिले आणि त्याचे बळ अफाट झाले. त्या बळाचे त्याने काय केले? ऋषींच्या आश्रमांत जाऊन यज्ञाची भांडी फोडली, वल्कले फाडली. खोड्याच त्या, पण बळ मोठे असले की खोडीही मोठी होते. शेवटी ऋषींनी शाप दिला की तुझे बळ तुला आठवणार नाही. कोणी आठवण करून दिली, तरच ते वाढेल.

मी येथे थांबलो. मुलगा जमिनीकडे पाहत होता. बॅटची आठवण मला काढावी लागली नाही.

हा शाप मला नेहमी फार शहाणपणाचा वाटतो. ऋषींनी बळ काढून घेतले नाही. जोवर त्या बळाला योग्य काम मिळत नाही, तोवर ते झाकून ठेवले. म्यानात ठेवलेली तलवार बोथट होत नाही, तसेच हे.

ते काम पुढे समुद्रकाठी आले. सीतेला शोधायला निघालेली वानरसेना दक्षिण किनाऱ्यावर अडली. लंका शंभर योजने दूर. एकेक वीर पुढे येऊन आपली मर्यादा सांगू लागला. गज म्हणाला दहा योजने, गवाक्ष म्हणाला वीस. म्हाताऱ्या जांबवंताने नव्वद सांगितली. युवराज अंगद म्हणाला, "शंभर जाईन, पण परत येईन याची खात्री नाही." त्यावर जांबवंताने त्याला अडवले, कारण पथकाच्या नायकाने स्वतः अशा कामावर जायचे नसते, त्याला राखायचे असते. या सगळ्यांत हनुमान एका बाजूला गप्प बसून होता. खोटी नम्रता नव्हती ती. त्याला खरेच आठवत नव्हते. जांबवंत त्याच्याजवळ गेला, त्याला त्याच्या जन्माची कथा सांगितली, तू कोण आहेस ते सांगितले. ते ऐकता ऐकता हनुमानाचे अंग वाढू लागले.

मराठीत अचाट झेपेला आपण "हनुमान उडी" म्हणतो. पण त्या उडीआधीचे हे पाच मिनिटांचे बोलणे आपण विसरतो. जांबवंताने हनुमानाला नवीन काहीच दिले नाही. फक्त आठवण दिली. प्रशिक्षकांचे आणि पालकांचे काम याहून वेगळे काय असते?

उडी घेतल्यावर समुद्रात तीन अडथळे आले आणि तिघांशी तो तीन प्रकारे वागला. मैनाक पर्वत वर आला आणि म्हणाला, विसावा घे. तो मित्र होता. हनुमानाने त्याला हाताने स्पर्श करून मान दिला, पण थांबला नाही. नागमाता सुरसा आली, ती देवांनी पाठवलेली परीक्षा होती. ती तोंड मोठे करत गेली तसा तोही मोठा होत गेला, आणि मग एकदम अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर पडला. येथे बळ नव्हे, बुद्धी चालली. तिसरी सिंहिका, सावली धरून ओढणारी. ती खरी शत्रू होती, तिला त्याने मारले. मित्राला मान, परीक्षेला युक्ती, शत्रूला प्रहार. समोर कोण आहे हे न ओळखता तिघांनाही एकच ठोसा मारणारा वीर लंकेपर्यंत पोहोचला नसता.

लंकेत शिरताना त्याने रात्र होऊ दिली आणि रूप मांजराएवढे केले. घरोघर, महालोमहाल शोधूनही सीता सापडेना. तेव्हा तो खचला. परत जाऊन काय सांगू, असे त्याच्या मनात आले. मग त्याने स्वतःलाच समजावले की न खचणे हेच सर्व यशाचे मूळ आहे, आणि न पाहिलेल्या जागा पुन्हा शोधायला घेतल्या. अशोकवन त्यांतच निघाले. हनुमानालाही निराशा येते, हे वाल्मीकी लपवत नाहीत. परीक्षेत किंवा निवडीत एकदा मागे पडलेल्या प्रत्येक कॅडेटने हा भाग जरूर वाचावा.

सीता दिसल्यावरही तो धावत पुढे गेला नाही. झाडावर बसून विचार करू लागला की बोलावे कोणत्या भाषेत. पंडिती संस्कृत बोललो तर ही मला रावणच समजेल आणि घाबरेल. म्हणून साध्या माणसांची भाषा त्याने निवडली आणि आधी रामाची कथा सांगितली. घाबरलेल्या माणसाजवळ कसे जावे, याचा हा धडा आहे. आपले जवान पुरात अडकलेल्या गावात होडी घेऊन जातात, तेव्हा त्यांनाही आधी हेच करावे लागते.

सीतेला अंगठी दिली, तिच्याकडून चूडामणी घेतला. दिलेले काम झाले. आता परत जावे की नाही? त्याने विचार केला, मुख्य कामाला धक्का न लावता शत्रूचे बळ जोखता आले तर तेही करावे. त्याने अशोकवन मोडले, तोरणाचा लोखंडी अडसर उपटून लढला, आणि रावण कोण आहे ते जवळून पाहता यावे म्हणून बंधनात राहून दरबारात गेला. पुढची लंकादहनाची कथा सर्वांना ठाऊक आहे.

पण त्यानंतरचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. लंका पेटल्यावर हनुमानाच्या काळजात धस्स झाले. सगळी नगरी जळते आहे, मग सीता? ज्या कामासाठी आलो तेच रागाच्या भरात मी जाळून टाकले की काय? तो स्वतःला दोष देऊ लागला. रागाच्या भरात माणूस काय करील याचा नेम नाही, जो उठलेला राग आवरतो तोच खरा पुरुष, असे तो म्हणतो. पुढे सीता सुखरूप असल्याचे त्याला समजले, तरी तो पुन्हा तिला प्रत्यक्ष भेटून, खात्री करूनच निघाला. सगळी लंका हादरवणारा वीर, त्या विजयाच्या क्षणी स्वतःची झडती घेतो आहे. मला विचाराल तर हनुमानाचे सर्वांत मोठे शौर्य येथे आहे.

युद्धकांडातली एक गोष्ट सांगून कथा संपवतो. इंद्रजिताच्या अस्त्राने सेना कोसळली होती. जखमी जांबवंताने डोळेही न उघडता बिभीषणाला पहिला प्रश्न विचारला, "हनुमान जिवंत आहे ना?" बिभीषणाला नवल वाटले की हा रामाची चौकशी का करत नाही. जांबवंत म्हणाला, तो जिवंत असेल तर मेलेली सेनाही जिवंत आहे. मग हनुमान हिमालयात गेला. हव्या त्या चार औषधी दिसेनाशा झाल्या, तेव्हा वेळ न दवडता त्याने शिखरच उचलून आणले. हे चित्र आपण प्रत्येक देवळात पाहतो. पण सेना बरी झाल्यावर त्याने ते शिखर परत नेऊन जागच्या जागी ठेवले, हे चित्रात नसते.

ही परंपरा आजही चालू आहे. अर्जुनाच्या रथावर कपिध्वज होता. आपल्या सेनेत राजपूत रेजिमेंट आणि बिहार रेजिमेंटच्या युद्धघोषात बजरंगबलीचे नाव आहे. मराठी मुलुखात गावाच्या वेशीवर मारुती असतो आणि तालमीत तर असतोच. आपल्या रायपुरातल्या दूधाधारी मठाची परंपरा सांगते की तेथील महंत बलभद्रदास हे हनुमानाचे भक्त होते आणि केवळ दुधावर राहत, त्यावरून मठाला हे नाव पडले. वेशीवरचा मारुती राखण करतो, तालमीतला मेहनत करून घेतो, मठातला संयम शिकवतो. तिन्ही मिळून एकच मारुती होतो. मूर्तीवरचा शेंदूर, कमरेची लंगोट आणि शेपटी ही सगळी चिन्हे त्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: बळ, ब्रह्मचर्य आणि सेवा.

घरी परतताना मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "बाबा, तलावातल्या उंच फळीवरून उडी मारायची असते ना, तिथे माझे पाय थरथरतात. दोन वेळा मी मागे फिरलो." घरात धाकट्यावर हात उगारणारा आणि फळीवर पाय थरथरणारा मुलगा एकच होता. जेथे बळ नको तेथे ते बाहेर आले होते, जेथे हवे तेथे आठवत नव्हते. मी त्याला इतकेच म्हटले, "तू चार वर्षांचा असताना आजोबांच्या विहिरीत स्वतःहून उडी टाकली होतीस. आम्ही सगळे ओरडत होतो आणि तू हसत वर आलास." त्याला हे आठवत नव्हते. मला आठवत होते.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तो एकटाच बाजारात गेला. साठवलेल्या पैशांतून धाकट्यासाठी नवी बॅट घेऊन आला आणि काही न बोलता जुनी जिथे टेकवलेली असायची, त्याच कोपऱ्यात ठेवली. उचललेले शिखर जागच्या जागी ठेवले गेले, एवढे मला पुरे होते.

कॅडेट मित्रांनो, तुमच्या दंडात बळ भरावे म्हणूनच ही मेहनत आहे. ते कोणासाठी उगारायचे आणि कोणासमोर जोडायचे, हे मात्र रोज स्वतःला विचारा. आणि आम्हा मोठ्यांना एक विनंती. समुद्रकाठी गप्प बसलेला एखादा मुलगा दिसला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

फळीवरच्या उडीचे काय झाले, ते आमचा मुलगा पुढच्या सुट्टीत सांगेल.