झेनाकँथस आणि भोर-वेल्ह्याचा कातळ

झेनाकँथस ही शार्कसदृश माशांची नामशेष प्रजाती. मुशीसारखा मासा म्हटला की तो समुद्रातलाच, असे सहज मानले जाते. हा मासा मात्र मुख्यतः नद्या, तळी आणि दलदलीत राहत असे. त्याचा दात सापडला एवढ्यावरून तिथे समुद्र होता असे ठरत नाही. अंग वामेसारखे लांबट, पाठीवरचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला आणि डोक्यामागे एक लांब काटा. आजच्या मुशी आणि पाकटांचा तो पूर्वजही नव्हे. ती शाखा वेगळी होती आणि मागे वंश न ठेवता संपली.

त्याचे अखंड सांगाडे जागोजागी मिळतात, हीसुद्धा चुकीची कल्पना. सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे बहुधा दात आणि काटेच उरतात. दाताला दोन मोठी टोके आणि मधे एक लहान टोक असते. अशाच दातांवरून एस. एल. जैन यांनी १९८० मध्ये ‘झेनाकँथस इंडिकस’ ही जाती वर्णिली. पुढे ती मूरिओडाँटस या जवळच्या प्रजातीत घातली गेली. हे दात प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मालेरीच्या तांबड्या चिकणमातीतले, म्हणजे नदीच्या गाळातले. मालेरी आज तेलंगणात आहे, पण हे खोरे चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरले आहे.

मग पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात असे दात का मिळू नयेत? तोरणा, राजगड आणि भोवतालचे डोंगर बेसॉल्टचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचे आहेत. वितळलेल्या खडकात मासा टिकत नाही. या कातळाच्या पोकळ्यांत चमकणारे पांढरे, टोकदार दाणे दातांसारखे भासतात खरे, पण ते झिओलाइट किंवा गारेचे स्फटिक असतात. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ अडकला तर जीवाश्म मिळू शकतात. मुंबईत वरळीला बेडकांचे मिळाले आहेत. तरीही तो गाळ लाव्हाच्याच काळातला, झेनाकँथसच्या नव्हे. लाव्हाखाली जुना गाळ दडला असेल, ही आशाही सह्याद्रीच्या या भागात फारशी धरता येत नाही. दक्षिणेला कोयना परिसरातल्या खोल वेधनात बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला.

लाव्हाच्या उद्रेकाने हे मासे संपले, असेही म्हणता येत नाही. मालेरीचा गाळ सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि झेनाकँथसचे सगळे कुळ ट्रायासिक कालखंडाच्या अखेरीस, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, नाहीसे झाले होते. तोरण्याचा पहिला थर ओतला गेला तो त्यानंतर तेरा कोटींहून अधिक वर्षांनी.