दहा लाख माणसं आणि न झालेली वाटणी

२०१५ साली दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे युरोपात पोचली. तेव्हापासून ‘लोंढ्यापुढे युरोप हतबल झाला’ हा समज घट्ट बसला आहे. युरोपीय संघाची लोकसंख्या तेव्हा ५० कोटींच्या घरात होती. म्हणजे पाचशे जणांमागे एक नवा माणूस. लेबनॉनमध्ये त्याच वेळी दर चार-पाच जणांमागे एक सीरियन निर्वासित होता. ही माणसं सुखाच्या हव्यासापोटी निघाली, हा दुसरा समज. त्यांतले अनेक सीरियन आधी शेजारच्या देशांतच तग धरून होते. पण डिसेंबर २०१४ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचा निधी आटला, १७ लाख सीरियन निर्वासितांची अन्नमदत काही दिवस बंद पडली, आणि पुढच्या उन्हाळ्यात लेबनॉनमध्ये शिध्याच्या कार्डावर माणशी महिन्याला जेमतेम साडेतेरा डॉलर जमा होऊ लागले. तेवढ्यात चूल पेटत नाही. लोक निघाले.

‘खरे निर्वासित असते तर रीतसर आले असते,’ असं म्हणणाऱ्यांनी ती रीत एकदा पाहावी. आश्रयाचा अर्ज करायला आधी युरोपच्या भूमीवर पोचावं लागतं. आणि व्हिसा नसलेल्या प्रवाशाला आणलं तर दंडही विमान कंपनीला आणि परत नेण्याचा खर्चही तिलाच. त्यामुळे त्याला विमानतळाच्या काउंटरवरच अडवलं जातं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून ग्रीसचं लेस्बोस बेट नुसत्या डोळ्यांना दिसतं. फेरीबोटीच्या तिकिटाच्या कित्येक पट पैसे दलालाला मोजून माणसं रबरी होड्यांत बसली, ती या नियमांमुळे. पलीकडे डब्लिन नियम होता: पहिलं पाऊल ज्या देशात, जबाबदारी बहुधा त्याचीच. ग्रीस-इटलीतून १,६०,००० जणांना इतर देशांनी वाटून घ्यायचं ठरलं. हलवले गेले सुमारे ३५,०००. हंगेरी आणि पोलंडने एकालाही घेतलं नाही.

ग्रीक बेटांवर पोचलेल्यांना तुर्कस्तानात परत पाठवण्याच्या मार्च २०१६च्या करारानंतर येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली, हा आक्षेप खरा आहे. पण बेटांवरची माणसं तिथेच अडकली. लेस्बोसवरची सुमारे ३,००० जणांसाठीची मोरिया छावणी सप्टेंबर २०२० मध्ये जळाली, तेव्हा तिथे १२,००० वर माणसं राहत होती. उलट २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्या ४० लाखांहून अधिक लोकांना संघाने तात्पुरतं संरक्षण दिलं, आणि अर्जांच्या रांगा न लावता राहण्याचा व कामाचा हक्कही. ते शेजारी होते, त्यांत बायका-मुलं अधिक होती, म्हणून स्वागत झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या कायद्याने हे साधलं तो २००१ पासून तयार होता, आणि २०१५ मध्ये त्याला कुणी हात लावला नाही.

२०२४च्या नव्या युरोपीय करारात निर्वासित न घेणाऱ्या देशाला माणशी २०,००० युरो भरून मोकळं होता येतं. निदान वाटणीचं तत्त्व तरी त्यात मान्य झालं आहे. मात्र हा पैसा कुंपणांत जाणार असेल तर २०१५ पुन्हा घडेल. त्याचा मोठा हिस्सा लेबनॉन-जॉर्डनमधल्या त्या शिध्याच्या कार्डांवर जमा व्हायला हवा.