आरोग्याच्या तासाकडून आपण काय मागावे?



जून महिना आला की आपल्या चिटगुप्प्याच्या भागात दोन पेरण्या होतात. एक रानात, मूग, उडीद, सोयाबीन आणि तुरीची. दुसरी शाळेत. पहिलीची आपण फार काळजी घेतो. बियाणे कोणते, खत किती, पाऊस किती बोटे ओल देऊन गेला, हे सारे विचारूनच तिफण हाती धरतो. दुसऱ्या पेरणीत मात्र वह्या-पुस्तके घेऊन दिली की आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. मुलगा किंवा मुलगी आठवीत गेली की गणित, विज्ञान, कन्नड आणि इंग्रजीच्या जोडीला आरोग्याचे शिक्षणही येते. त्या तासाला काय चालते, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?

मी शिकलो त्या शाळेत हा तास असून नसल्यासारखा होता. काही पाने गुरुजी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत आणि उरलेला वेळ गणिताला जाई. पुढे धर्मगुरू झाल्यावर एका पावसाळी रात्री मला एका घरून बोलावणे आले. जमिनीवर निजलेल्या तरुणाला साप चावला होता. पायाला दोरी करकचून बांधलेली, पाय काळानिळा पडलेला, आणि घरचे मांत्रिकाची वाट पाहत बसलेले. त्याच घरात दहावी पास झालेली दोन भावंडे होती. सापांची नावे आणि विषाचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते, पण या घडीला काय करायचे हे कुणी शिकवलेच नव्हते. गाडी मिळाली आणि तरुण वाचला, पण हातचे तीन तास वाया गेले होते. आरोग्याच्या तासाचा हेतू काय असावा, ते मला त्या रात्री कळले. मुलाला किती आठवते यापेक्षा वेळेला काय करता येते, याला मोल आहे.

केंद्र सरकारने 2020 साली आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अकरा विषय नेमून दिले आहेत. प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री यांनी, आठवड्याला एक तास घ्यावा अशी योजना आहे. तेव्हा हा तास मागणे म्हणजे कुणाकडे उपकार मागणे नव्हे. मात्र दहावी झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला नेमके काय यावे, हे आपल्याला ठाऊक हवे.

पहिली अपेक्षा रानातल्या धोक्यांची. साप चावल्यावर दोरी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीने स्थिर करावा, 108 ला फोन करावा आणि प्रतिविष मिळते अशा दवाखान्यात तडक न्यावे. आपल्या देशात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते. कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटते, अपचन झाले. हे एवढे ज्या मुलीला ठाऊक आहे ती आपल्या बापाचा जीव वाचवील. कर्नाटक सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, यावरून हा प्रश्न केवढा मोठा आहे ते ओळखावे.

फवारणीचेही तसेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. आपल्याकडे तूर फुलोऱ्यात आली की अळीसाठी पंप पाठीवर चढतो. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण मुलाला वाचता यावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नये, मध्येच विडी-तंबाखू घेऊ नये, भिजलेले कपडे लगेच उतरवून अंग साबणाने धुवावे. औषध कुणाच्या पोटात गेलेच तर ओकारी काढण्याच्या नादी न लागता रुग्णाला डब्यासह दवाखान्यात न्यावे. रिकामा डबा घेऊन एका तासात हे सारे शिकवता येते.

दुसरी अपेक्षा रक्ताची. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींमागे 59 मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलांमध्ये हे प्रमाण 31 होते. अशी मुलगी वर्गात पेंगते, डोक्यावर घागर घेताना धापा टाकते आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या मागोमाग चहा पिऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. मातीतले काही जंत अनवाणी पायांतून शरीरात शिरून आतड्यात रक्त पितात, म्हणून पायात चप्पल हवी आणि जंताची गोळीही हवी. तुरीचे वरण, हरभऱ्याचा पाला, शेवगा, वर लिंबाची फोड, हे तर आपल्याच रानातले आहे. 2021 च्या डिसेंबरात बीदरसह काही जिल्ह्यांच्या शाळांत मुलांना अंडी देणे सुरू झाले, ते याच कुपोषणापायी. आणि घरात अगोदर बापाचे व मुलांचे ताट, उरलेले आईचे व मुलीचे, ही रीत असेल तर शिक्षकाने कितीही शिकवले तरी रक्त वाढणार नाही.

तिसरी अपेक्षा वयात येण्याबद्दल स्पष्ट बोलण्याची. इथे आपण पालक अडखळतो, आम्ही धर्मगुरूही अडखळतो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष 1989 साली प्रसिद्ध झाला. 100 पैकी 92 स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासून घेतलेल्या फक्त 8 होत्या. बाकीच्यांनी लाजेपोटी सोसले. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ‘तारुण्यभान’ नावाने शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना हेच ज्ञान द्यायला आरंभ केला. देवाने दिलेल्या देहाची माहिती घेण्यात पाप नाही. पाळी आल्यावर शाळा बुडू नये, अठराच्या आत लग्न होऊ नये, आणि मुलग्यांनीही मुलींचा मान राखायला शिकावे, एवढे या तासातून साधले तरी पुष्कळ झाले.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जुलाब झाल्यास 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक मुलाला यावे. चमचा चहाचा घ्यावा. गुटखा-तंबाखू नाकारण्याचा सराव वर्गातच व्हावा. मन फार खचले तर 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते, हे मुलांना ठाऊक असावे.

आपल्या सीमाभागाची एक निराळी अडचण आहे. पुष्कळ मुले कन्नडमध्ये शिकतात आणि घरी मराठी बोलतात. पुस्तकातली ‘रक्तहीनते’ आणि आजीचे ‘पोर पांढरी पडली’ हे एकच दुखणे आहे, पुस्तकातला ‘कोळकुमंडल’ म्हणजे आपली घोणस, हे कुणी जोडून दिले नाही तर ज्ञान शाळेच्या दारातच राहते. म्हणून शनिवारी रात्री मुलाला विचारावे, “या आठवड्यात आरोग्याच्या तासाला काय शिकलास? आम्हाला आपल्या भाषेत सांग.” सांगता आले तर समजले म्हणायचे.

“आमच्या पोरांना हे झेपेल का?” असे कुणी म्हणेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली जामखेडला काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. त्या बायांनी बाळंतपणे सुखरूप केली आणि मुले जगवली. निरक्षर बाईला जे जमले ते दहावीच्या मुलामुलींना का जमू नये?

तेव्हा पालकसभेला जाल तेव्हा गुणांची चौकशी जरूर करा, पण आणखी तीन प्रश्न विचारा. आरोग्याचा तास दर आठवड्याला होतो का? तो कोण घेते? मुले हातांनी काय करून दाखवतात? शिक्षकांशी भांडू नका, त्यांना साथ द्या. बंद अवस्थेतला जुना पंप, औषधाचा धुतलेला डबा, शेवग्याची फांदी असे काही त्यांना हवे असेल तर आपल्या घरून न्या. पेरले ते उगवते, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. मात्र वेळेवर पेरावे लागते.