स्ट्राड फॉन झारोविच
स्ट्राड फॉन झारोविच हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळातील काल्पनिक खलनायक आहे. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने लिहिलेल्या 'रेव्हनलॉफ्ट' (१९८३) या साहसकथेत तो प्रथम आला. निर्हेतुकपणे तळघरात खेळाडूंची वाट पाहणाऱ्या राक्षसांहून तो वेगळा आहे. तात्यानाच्या अभिलाषेपोटी त्याने आपला धाकटा भाऊ सेर्गेई याची विवाहाच्या दिवशीच हत्या केली. तात्यानाने तटावरून उडी घेतली. स्ट्राड मात्र रक्तपिपासू पिशाच होऊन मागे उरला. त्याचे या खेपेचे उद्दिष्ट आरंभी पत्ते काढून ठरते. तो गडात संचार करतो आणि संधी साधून हल्ला करतो. खलनायकाला स्वतःची इच्छा असली, की तो खेळाडूंच्या स्मरणात राहतो, याचे हे ठळक उदाहरण होय. 'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) हे याच कथेचे विस्तारित रूप आहे.